नागपुरात सामायिक कार्यशाळा सुरू करायची आहे? नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रं

वस्तीत कुणाकडे ड्रिल असतं, कुणाकडे वेल्डिंग मशीन, तर कुणाचा हात सुतारकामात बसलेला असतो. हे सगळं एका शेडखाली आणून शेजाऱ्यापाजाऱ्यांना वापरायला आणि शिकायला द्यायचं, तर ओळखीवर काही महिने निभतं. पण बँकेत खातं काढायचं, देणगी घ्यायची किंवा जागेचा करार करायचा म्हटलं की "कुणाच्या नावाने?" हा प्रश्न येतोच. म्हणून नोंदणी.

आधी एक गोष्ट आपसात स्पष्ट करून घ्या. कामातून आलेली कमाई सभासदांनी वाटून घ्यायची असेल, तर हा मार्ग तुमचा नाही. तेव्हा भागीदारी करा, किंवा वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान 10 जण मिळून 1960 च्या कायद्याखाली सहकारी संस्था काढा. लोकांना शिकवणं आणि साधनं उपलब्ध करून देणं हाच हेतू असेल, तर संस्था नोंदणी अधिनियम 1860 खाली संस्था काढावी. त्यासाठी किमान 7 सज्ञान व्यक्ती लागतात. सातही जण एकाच घरातले नसलेले बरे. अशी संस्था महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासही (ट्रस्ट) ठरते, त्यामुळे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खालीही नोंद करावी लागते. नागपूरकरांसाठी दोन्ही कामं धर्मादाय सहआयुक्त कार्यालयातच होतात.

अर्जाचा गाभा म्हणजे विधानपत्र आणि नियमावली. विधानपत्रात संस्थेचं नाव, उद्देश आणि कार्यकारी मंडळाची नावं, पत्ते, व्यवसाय असतात. नियमावलीच्या प्रतीवर मंडळातल्या किमान तिघांनी ती बरोबर असल्याचं प्रमाणित करावं लागतं. उद्देश मात्र बाजारात मिळणाऱ्या तयार नमुन्यातून उचलू नका. त्यात गोशाळेपासून वृद्धाश्रमापर्यंत सगळं असतं, कार्यशाळेचा पत्ता नसतो. "हस्तकौशल्याचं प्रशिक्षण देणे, अवजारं सामायिक वापरासाठी उपलब्ध करणे, दुरुस्तीचं ज्ञान पसरवणे" असं सरळ लिहा. उपयुक्त ज्ञानाचा प्रसार हा 1860 च्या कायद्यालाच मान्य असलेला हेतू आहे. नंतर उद्देश बदलायचा म्हणजे तीन पंचमांश मतं, आणि महिन्याभराने दुसरी सभा घेऊन त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब. तेव्हा आत्ताच दोन संध्याकाळी बसून नीट लिहिलेलं परवडतं.

नियमावलीत मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते अवजारांचं कलम. एखादी वस्तू दान दिली की ती न्यासाची मालमत्ता झाली. देणारा सभासद उद्या भांडून गेला तरी ती परत नेता येत नाही. संस्था बंद झाली तरी उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही, तशाच दुसऱ्या संस्थेकडे जाते. म्हणून दान आणि वापरापुरतं दिलेलं, असे दोन वेगळे रकाने असलेली नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा. अँगल ग्राइंडर आला तर गार्ड आहे का, चकती बदलायची चावी सोबत आहे का, वायर कुठे चिकटपट्टीने जोडलेली आहे का, हे लिहा आणि देणाऱ्याची सही घ्या. तुटलं तर भरपाई कुणाची, कुठल्या मशीनला शिकल्याशिवाय हात लावायचा नाही, हेही नियमातच असू द्या. अशा जागांमधले वाद पैशापेक्षा यावरूनच जास्त होतात.

कागदपत्रं फार अवघड नाहीत. सातही जणांचे आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो, प्रत्येकाचं संमतीपत्र, संस्था स्थापन करण्याचा ठराव, अर्जाचा पाठपुरावा करणाऱ्याच्या नावाचं अधिकारपत्र, प्रतिज्ञापत्र. सगळीकडे नावाचं स्पेलिंग आणि मराठी लेखन एकसारखं हवं, फाईल अडते ती बहुतेक इथेच. न्यासाच्या नोंदणीचा अर्ज संस्था झाल्यापासून 3 महिन्यांत करायचा असतो. त्यावर चौकशी होऊन आदेश निघतो.

जागेसाठी मालकाचं ना हरकत पत्र, मालमत्ता कराची पावती आणि वीजबिल जोडा. नागपुरात बऱ्याच लेआउटमधल्या प्लॉटला नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासाचं) आरएल, म्हणजे प्लॉट नियमित असल्याचं पत्र लागतं, तेव्हा पैसे गुंतवण्याआधी मालकाकडे ते मागा. जागेचा मंजूर वापर निवासी असेल, तर तिथे मोठी यंत्रं लावण्याआधी संबंधित कार्यालयात विचारा.

विजेच्या बाबतीत तडजोड नको. घरगुती मीटरवर वेल्डिंग चालवणं म्हणजे वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली अनधिकृत वापराची कारवाई ओढवून घेणं, आणि टिनाच्या शेडमध्ये मे महिन्यात कूलरही त्याच लाइनवर असतो. महावितरणकडे संस्थेच्या नावाने स्वतंत्र जोडणी मागा, भार मोजून घ्या आणि अर्थिंगचं काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्या.

प्रमाणपत्र हाती आलं की संस्थेचं पॅन, मग ठराव करून दोन सह्यांचं बँक खातं. देणगीदाराला करसवलत मिळावी असं वाटत असेल तर आयकर विभागाकडे त्याची वेगळी नोंदणी करावी लागते. दरवर्षी हिशेबाचं लेखापरीक्षण करून अहवाल धर्मादाय कार्यालयात द्यायचा, आणि मंडळातला एक जरी माणूस बदलला तरी 90 दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा. बदल अर्ज तुंबले की कागदोपत्री जुनंच मंडळ राहतं आणि बँक नव्या सचिवाची सही घेत नाही.