पुरवठा साखळी व्यवस्थापन

कच्चा माल जिथे निघतो तिथपासून तयार वस्तू ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत, आणि नको असलेली वस्तू परत येईपर्यंत, जेवढे हात त्या मालाला लागतात त्यांची मिळून पुरवठा साखळी बनते. या सगळ्यांच्या कामाचा मेळ घालणे म्हणजे पुरवठा साखळी व्यवस्थापन. साखळीत माल मुख्यतः ग्राहकाच्या दिशेने सरकतो, पैसा उलट दिशेने येतो आणि माहिती दोन्हीकडे फिरते. यांपैकी माल डोळ्यांना दिसतो, म्हणून नवख्या विद्यार्थ्याचे सारे लक्ष ट्रक आणि गोदामांकडे जाते. साखळी अडते ती मात्र बरेचदा माहितीपाशी.

लॉजिस्टिक्स हा याच कामाचा एक भाग आहे. वाहतूक, गोदाम, मालाची चढ-उतार, पॅकिंग आणि ऑर्डर पुरी करणे हे सारे त्यात येते. हा शब्द लष्करातून आला. युद्धशास्त्राचे अभ्यासक आंत्वान-आंरी जोमिनी यांनी १८३८ मध्ये सैन्याची हालचाल आणि रसद या अर्थाने त्याची सविस्तर चर्चा केली. ‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’ ही संज्ञा त्या मानाने कालची. ती रूढ करण्याचे श्रेय कीथ ऑलिव्हर या व्यवस्थापन सल्लागाराला आणि १९८२ या वर्षाला दिले जाते. रोजच्या बोलण्यात दोन्ही शब्द सरमिसळ वापरले जातात. फरक ओळखायची एक सोपी खूण आहे. माल तिथे कधी आणि कसा पोचवायचा, हा लॉजिस्टिक्सचा प्रश्न. तो मुळात कोणाकडून घ्यायचा, किती घ्यायचा आणि कुठे ठेवायचा, हे ठरवणे पुरवठा साखळीकडे येते.

साठा हा या विषयाचा गाभा. तो जास्त असला की पैसा अडकतो, जागा व्यापतो, माल जुना होतो. कमी पडला की ग्राहक हातचा जातो. एका वेळी किती मागवावे याचे सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडले. वार्षिक मागणीला एका ऑर्डरच्या खर्चाने गुणायचे, त्याची दुप्पट करायची, एक नग वर्षभर सांभाळण्याच्या खर्चाने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. मागणी ३,६०० नग, दर ऑर्डरचा खर्च २०० आणि सांभाळण्याचा खर्च १६ (चलन कोणतेही धरा) असेल तर उत्तर ३०० नग येते. वर्षाला १२ ऑर्डरी, आणि दोन्ही खर्च (साठा सरासरी निम्मा, म्हणजे १५० नग धरून) मिळून ४,८००. विद्यार्थी इथे थांबतात, पण खरी गंमत पुढे आहे. ३०० ऐवजी ४५० मागवले, म्हणजे दीडपट, तरी एकूण खर्च ५,२०० होतो. वाढ जेमतेम ८ टक्के. त्यामुळे आकडा दशांशापर्यंत काढत बसण्यात अर्थ नाही.

किती मागवायचे हे ठरले, तरी केव्हा मागवायचे हा प्रश्न राहतो. वर्षाचे ३६० दिवस धरले तर रोज १० नग खपतात. माल यायला ७ दिवस लागत असतील आणि २५ नग सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडीअडचणीसाठीचा जादा साठा, ठेवायचा असेल, तर साठा ९५ वर आला की ऑर्डर द्यायची. या हिशेबाचा घात लीड टाइम, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचा काळ, करतो. सरासरी ७ दिवस सांगणारा पुरवठादार कधी ४, कधी १२ दिवस घेत असेल, तर बाराव्या दिवसापर्यंत १२० नग लागतात आणि जवळचे ९५ केव्हाच संपलेले असतात. त्यापेक्षा न चुकता ९ दिवसांनी माल आणणारा परवडतो, कारण त्याच्या भरवशावर साठा कमी ठेवता येतो. करार करताना मात्र बहुतेकांची नजर किमतीवर आणि सरासरीवर असते.

आता एका साखळीतले चौघे पाहू: किरकोळ विक्रेता, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. आठवड्याला १०० नग खपतात, आणि कारखाना सोडून तिघेही आपल्याला दिसणाऱ्या मागणीच्या दोन आठवड्यांइतका साठा ठेवतात. माल लगेच मिळतो असे समजू. खप ११० झाला. विक्रेता विकलेले ११० आणि साठा वाढवायला २० मिळून १३० मागवतो. घाऊक व्यापाऱ्याला १३० चा खप दिसतो, तो १९० मागवतो. वितरक ३७०. ग्राहकाकडची १० टक्के वाढ कारखान्यापर्यंत पोचताना २७० टक्के झाली. पुढच्या आठवड्यात खप ११० वरच टिकला की विक्रेता ११० मागवतो, घाऊक व्यापारी जादा साठा वजा करून ७०, आणि वितरक काहीच नाही. जादा पाळी लावलेल्या कारखान्यात आता शून्य ऑर्डर. कोणी मूर्खपणा केला नाही, प्रत्येकाने आपापला नियम पाळला. चाबकाची मूठ जराशी हलली तरी टोक सणसणते, तसे हे घडते, म्हणून याला बुलव्हिप परिणाम म्हणतात. जे फॉरेस्टर यांनी एमआयटी या अमेरिकेतील विद्यापीठात १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अशा चढउतारांचा अभ्यास केला. तिथे तयार झालेला बिअर गेम, म्हणजे बिअरची अशीच साखळी चालवण्याचा खेळ, आजही वर्गांमध्ये खेळला जातो, आणि खेळ संपल्यावर प्रत्येक गट वरच्या-खालच्या दुव्याला दोष देतो, हेही ठरलेलेच. एकदम मोठ्या ऑर्डरी, सवलतीच्या योजना आणि टंचाईच्या भीतीने वाढवून केलेली मागणी यांनी हा परिणाम आणखी फुगतो. उपाय म्हणजे ग्राहकाच्या प्रत्यक्ष विक्रीचा आकडा चौघांनाही दिसू देणे. तो आकडा मिळवणे बारकोडमुळे सोपे झाले; किराणा मालावरचा पहिला बारकोड अमेरिकेतील ओहायो राज्यात २६ जून १९७४ रोजी स्कॅन झाला.

साठा कमी करण्याची दुसरी वाट जपानमधील टोयोटाच्या तायची ओनो यांनी आखली: सुटा भाग लागेल तेव्हाच, लागेल तेवढाच आणायचा. तिची कसोटी १ फेब्रुवारी १९९७ रोजी लागली. ब्रेकसाठीचा एक लहानसा व्हॉल्व्ह बनवणाऱ्या आयसिन कंपनीच्या कारिया येथील कारखान्याला आग लागली. टोयोटाचा जवळजवळ सगळा पुरवठा तिथूनच होत होता, आणि हाताशी साठा अगदी थोडा. मोटारींचे कारखाने बंद पडले. इतर पुरवठादारांनी आराखडे घेऊन, मिळतील त्या यंत्रांवर हा व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली आणि आठवड्याभरात उत्पादन पुन्हा सुरू झाले. ही घटना या पद्धतीच्या विरोधात सांगतात तशी बाजूनेही सांगतात.

वाहतुकीतला सर्वांत मोठा बदल एका पेटीने घडवला. माल्कम मॅकलीन यांच्या ‘आयडियल एक्स’ जहाजाने २६ एप्रिल १९५६ रोजी न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे ५८ कंटेनर नेले. पेटी न उघडता ट्रकवरून जहाजावर आणि जहाजावरून ट्रकवर जाऊ लागली, आणि बंदरातला वेळ व चोरी दोन्ही घटले. वाटेत माल बिघडला तर तो कोणाच्या माथी, हे आंतरराष्ट्रीय व्यापारातले इन्कोटर्म्स नियम ठरवतात. २०२० च्या आवृत्तीत असे ११ नियम आहेत.

साखळीची तब्येत तपासताना पैसा किती दिवस अडकतो तेही पाहतात: साठ्याचे दिवस, अधिक ग्राहकाकडून येण्याचे दिवस, वजा पुरवठादाराला देण्याचे दिवस. ४५ अधिक ३० वजा ६० म्हणजे १५. पुरवठादाराला ७५ दिवसांनी पैसे दिले की हा आकडा शून्यावर येतो आणि ताळेबंद देखणा दिसतो. मधल्या काळात लहान पुरवठादार चढ्या व्याजाने कर्ज काढतो आणि ते व्याज पुढच्या दरपत्रकात घालतो.