चहाच्या रंगाची पाने: जंक जर्नलची पार्श्वभूमी

जंक जर्नल म्हणजे जुन्या, टाकाऊ कागदांचे तुकडे चिकटवून हाताने केलेली वही. ती करायला बसलेला माणूस बहुतेक वेळा आधी कागद डागाळतो. कोरे पांढरे कागद गाळलेल्या चहात किंवा कॉफीत भिजवायचे, चुरगळायचे, वाळवायचे, कडांना तपकिरी शाई लावायची. मग घड्या एकात एक घालून त्यांचे जुज, म्हणजे गठ्ठे, करायचे, ते दोऱ्याने शिवायचे आणि त्या पानांवर जुनी तिकिटे, पाकिटे, शिवणाच्या पॅटर्नचे पातळ कागद, लेसचे तुकडे, फाटक्या पुस्तकांची पाने, बाटल्यांवरची लेबले चिकटवत जायचे. मध्येच कागदी खिसे करायचे आणि त्यांत टॅग सरकवायचे. तयार वही जाडजूड असते, नीट मिटत नाही, आणि ती तशीच हवी असते. घरात जुने कागद नसतील त्यांच्यासाठी जुन्या धाटणीचे छापील कागद, स्टिकर आणि साच्याने कापलेली (डाय-कट) चित्रे यांची तयार किट विकत मिळतात.

या नावाने हा छंद अलीकडच्या वर्षांतच पसरला असला, तरी त्यातली जवळजवळ प्रत्येक कृती फार जुनी आहे. त्या इतिहासात दोन प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. रद्दीला मोल केव्हा येते? आणि मुद्दाम छापलेल्या, विकत आणलेल्या रद्दीला खऱ्या तुकड्यांशेजारी जागा द्यावी का?

चहाच्या रंगापासूनच सुरुवात करू. जुना कागद म्हणजे पिवळट, तपकिरी, ठिसूळ, असे आपण धरून चालतो. पण सोळाव्या शतकात युरोपात छापलेले पुस्तक उघडले, तर त्याचे पान पुष्कळदा मागच्या पिढीच्या वर्तमानपत्रापेक्षा पांढरे आणि चिवट निघते. तो कागद सुती आणि लिननच्या चिंध्यांपासून केलेला असे. १७९९ मध्ये फ्रान्समध्ये लुई-निकोला रोबेर याने अखंड कागद काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढच्या काही दशकांत कागदाचा खप इतका वाढला की चिंध्या पुरेनात. १८४४ मध्ये जर्मनीतल्या सॅक्सनीत फ्रीडरिख केलर आणि कॅनडाच्या किनाऱ्यावरील नोव्हा स्कोशियात चार्ल्स फेनर्टी यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे लाकूड घासून लगदा करण्याचा मार्ग दाखवला. कागद स्वस्त झाला, पण लाकडाला कडकपणा देणारे लिग्निन हे द्रव्यही त्यात राहिले. ते प्रकाशात आणि हवेत तपकिरी होत जाते. शिवाय शाई पसरू नये म्हणून कागदात तुरटी आणि राळ घालण्याची पद्धत रूढ झाली होती. तिच्यामुळे कागदात आम्ल तयार होते आणि कागदाचे तंतू ज्याचे असतात त्या सेल्युलोजच्या लांब साखळ्या हळूहळू तोडते.

म्हणजे ज्या रंगाला आपण ‘विंटेज’ म्हणतो, तो सगळ्या जुन्या काळाचा रंग नाही. साधारण १८५० नंतरच्या स्वस्त कागदाला जडलेले ते दुखणे आहे, आणि आपण ते चहाने हौसेने उतरवून घेतो. मला यात गैर काही वाटत नाही, कारण त्याच स्वस्त कागदामुळे सामान्य माणसाच्या हाती जपण्याजोगे छापील तुकडे पहिल्यांदा आले.

ते तुकडे रंगीत झाले क्रोमोलिथोग्राफीमुळे, म्हणजे दगडावरून केलेल्या रंगीत छपाईमुळे. दगडावरून छापण्याची कला आलोइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधली होती. १८३७ मध्ये गोदफ्रुआ एंगेलमान याने तिच्या रंगीत आवृत्तीचे पेटंट घेतले. एकाच चित्रासाठी अनेक दगड, प्रत्येकाचा रंग वेगळा, आणि सगळे अचूक जुळवलेले. या तंत्राने गुलाबाचे गुच्छ, देवदूत, मांजरी, पक्षी, मुलांचे चेहरे भरमसाट छापले गेले. मग त्यांना उठाव देऊन साच्याने कापत. असे तुकडे तक्त्याने मिळत आणि कागदाच्या बारीक पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले असत. त्या पट्ट्यांवर पुष्कळदा छापणाऱ्याचे नाव असे. या कामात जर्मन छापखाने आघाडीवर होते. लंडनला १८६६ मध्ये सुरू झालेली राफाएल टक यांची पेढीही पुढे अशा चित्रांसाठी आणि शुभेच्छापत्रांसाठी नावाजली. १९४० च्या डिसेंबरातल्या बॉम्बहल्ल्यात तिची इमारत जळाली. तिच्या मालाचा पुष्कळसा इतिहास आज जपून राहिला आहे तो लोकांनी घरोघरी चिकटवलेल्या वह्यांमधून.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. ही चित्रे कशातून उरलेली नव्हती. अल्बममध्ये चिकटवण्यासाठीच ती छापली जात आणि पैसे देऊन विकत घेतली जात. त्यांच्या शेजारी त्याच पानावर दुकानदारांनी फुकट वाटलेली जाहिरातीची रंगीत कार्डे, पत्रांचे तुकडे आणि वर्तमानपत्रांची कात्रणेही असत. विकतचे आणि आपसूक हाती आलेले असे एकत्र नांदवायला दीडशे वर्षांपूर्वीच्या मुलींना आणि बायकांना काही अवघड वाटले नाही. ‘छापील किट वापरले तर ते खरे जंक जर्नल नव्हे’ असा वाद हल्ली ऐकू येतो, तेव्हा मला ती पाने आठवतात.

कात्रणवह्यांची गोष्ट जरा निराळी आहे, आणि माझ्या लेखी अधिक मोलाची. कोरी वही महाग पडे, म्हणून अमेरिकेत लोक जुन्या खतावण्या आणि सरकारी अहवालांचे जाडे ग्रंथ घेऊन त्यांच्या छापील पानांवरच कात्रणे डकवत. आजही जुने पुस्तक घेऊन त्याच्या पानांवर वही उभी करतात, ती हीच रीत. खळीचा पसारा टाळण्यासाठी सॅम्युअल क्लेमेन्स, म्हणजे मार्क ट्वेन, यांनी १८७३ मध्ये एका स्क्रॅपबुकचे पेटंट घेतले. त्याच्या पानांवर आधीच डिंकाच्या पट्ट्या असत. त्या ओल्या करायच्या आणि कात्रण दाबायचे. हे स्क्रॅपबुक चांगले खपले.

पण कात्रणवहीचे खरे बळ दिसले ते ज्यांना छापील इतिहासात जागा नव्हती त्यांच्या हाती. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनीव्हा गावी एलिझाबेथ स्मिथ मिलर आणि त्यांची मुलगी ॲन यांनी १८९७ ते १९११ या काळात स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीची सात स्क्रॅपबुके केली. सभांचे कार्यक्रम, बिल्ले, पत्रे, कात्रणे, छायाचित्रे, सगळे त्यांत आहे, आणि आज ती लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. न्यूयॉर्क शहराच्या हार्लेम भागातले कृष्णवर्णीय संग्राहक अलेक्झांडर गम्बी यांनी आपल्या समाजाविषयीचे कागद आयुष्यभर जमवून शेकडो वह्या बांधल्या. १९५० मध्ये तो संग्रह कोलंबिया विद्यापीठाकडे गेला. कोणते कागद पुढे महत्त्वाचे ठरतील हे या माणसांनी कोणत्याही ग्रंथपालाच्या आधी ओळखले होते.

कागदांचे तुकडे वेगळा साक्षीदार होऊ शकतात याचे सर्वांत देखणे उदाहरण मात्र पार चौथ्या शतकातले आहे. १९४५ मध्ये दक्षिण इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ मातीच्या रांजणात चामडी वेष्टणातली डझनभर पपायरसची, म्हणजे पाणवनस्पतीच्या कागदाची, पुस्तके सापडली. आतला मजकूर धार्मिक होता आणि त्यावर तारीख नव्हती. पण वेष्टण ताठ राहावे म्हणून बांधणाऱ्याने चामड्याच्या आत टाकाऊ पपायरस चिकटवले होते, म्हणजे कुणाच्या पावत्या, करार, खासगी पत्रे. त्यांतल्या एका वेष्टणातल्या कागदांवर इसवी सन ३४१, ३४६ आणि ३४८ ही वर्षे मिळाली. म्हणून ते पुस्तक ३४८ च्या आधी बांधलेले असू शकत नाही, हे ठरवता आले. आतल्या पवित्र मजकुराचा काळ बाहेरच्या रद्दीने सांगितला. त्या पुस्तकांपैकी बहुतेकांची बांधणी एकाच जाड घडीची आहे. नवशिक्याच्या पहिल्या जंक जर्नलचीही पुष्कळदा तशीच असते.

मध्ययुगानंतरच्या युरोपातही बांधणाऱ्यांनी हेच केले. निरुपयोगी ठरलेली हस्तलिखिते कापून त्यांच्या पट्ट्या नव्या पुस्तकांच्या पाठीत आणि पुठ्ठ्याखाली वापरल्या. आज संशोधक अशा पुठ्ठ्यांखालून हरवलेल्या ग्रंथांची पाने शोधून काढतात.

प्राचीन रद्दी आणि आपल्या काळाची रद्दी या दोन जगांना जोडणारा माणूस म्हणजे जॉन जॉन्सन. पहिल्या महायुद्धाआधी ते इजिप्तमध्ये प्राचीन वस्त्यांचे उकिरडे उपसून पपायरस शोधत होते. दोन हजार वर्षांपूर्वीची चिटोरी इतक्या काळजीने गोळा करायची आणि आपल्याच काळाची रोज फेकून द्यायची, ही विसंगती त्यांच्या मनात घर करून राहिली. पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठाचे मुद्रक झाल्यावर ते बसची तिकिटे, साबणाची वेष्टणे, नाटकांच्या जाहिराती, बिले, लेबले असे सगळे जमवत राहिले. तो संग्रह १९६८ मध्ये बोडलियन ग्रंथालयात गेला. १९७५ मध्ये मॉरिस रिकर्ड्स यांनी लंडनला इफेमेरा सोसायटी स्थापन केली आणि अशा क्षणजीवी कागदांच्या अभ्यासाला मान मिळाला. जंक जर्नलवाले ज्या तुकड्यांना सहज ‘इफेमेरा’ म्हणतात, त्यामागे हा सगळा खटाटोप आहे.

कागद जमवण्याच्या हौसेने नुकसानही केले आहे. जेम्स ग्रेंजर यांचा इंग्लंडच्या चरित्रांवरचा ग्रंथ १७६९ मध्ये निघाला आणि त्यात हवी ती चित्रे स्वतः जोडण्याची फॅशन सुरू झाली. त्यासाठी इतर पुस्तकांतली चित्रे कापली जाऊ लागली. कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन लायब्ररीत अशा रीतीने फुगवलेले एक बायबल आहे. त्याचे खंड साठ झाले. ते पाहून थक्क व्हावे, पण त्यापायी किती पुस्तके चित्रांवाचून उरली असतील हेही मनात येते. म्हणून मी जुने पुस्तक कापण्याआधी ते दुर्मीळ नाही ना, हे नेहमी पाहते.

चित्रकलेत तुकड्यांना मान मिळाला १९१२ मध्ये, आणि तिथेही गंमत आहे. त्या वर्षी पिकासोने चित्रात वेताच्या खुर्चीची वीण दाखवली ती वीण छापलेले मेणकापड चिकटवून, आणि ब्राकने लाकडाची नक्कल असलेला भिंतीचा कागद वापरला. दोघांनीही पहिल्यांदा चिकटवले ते कशाची तरी छापील नक्कल असलेले साहित्य. खरी तिकिटे आणि वेष्टणे भरभरून आली ती पहिल्या महायुद्धानंतर, हॅनोव्हरच्या कुर्ट श्विटर्स यांच्या चित्रांत.

घरगुती स्क्रॅपबुकिंग पुन्हा जोरात आले ते १९८० मध्ये. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत भरलेल्या वंशावळी आणि कौटुंबिक नोंदींच्या जागतिक परिषदेत मेरिलेन क्रिस्टेन्सन यांनी आपल्या कुटुंबाचे पन्नासहून अधिक अल्बम मांडले. पुढच्याच वर्षी यूटामधल्या स्पॅनिश फोर्कला त्यांच्या कुटुंबाने या साहित्याचे दुकान काढले. या लाटेचा मंत्र होता ‘ॲसिड-फ्री’, म्हणजे आम्लविरहित कागद. कागदाच्या ऱ्हासाला आम्ल कारण आहे, हे व्हर्जिनियातल्या विल्यम बॅरो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर चाचण्यांनी दाखवून दिले होते. टिकाऊ कागदाचे आयएसओ ९७०६ हे आंतरराष्ट्रीय मानक १९९४ मध्ये आले. फोटो वाचले, ही या लाटेची मोठी देणगी. पण जुळणारे कागद, सरळ कडा, ठरावीक मांडणी यांत पाने एकसारखी होत गेली. चुकण्याची भीती वाटावी इतकी ती नीटनेटकी झाली.

जंक जर्नलची ओढ त्या नीटनेटकेपणाला उत्तर म्हणून आली, असे मला वाटते. तिला आधार देणारी उदाहरणे होतीच. टॉम फिलिप्स यांनी १९६६ मध्ये तीन पेन्सला एक व्हिक्टोरियन कादंबरी घेतली आणि तिच्या प्रत्येक पानावर रंगवत गेले. छापील पुस्तकालाच रंगवून-चिकटवून नवे रूप देण्याच्या, पुढे पसरलेल्या ‘ऑल्टर्ड बुक’ या प्रकाराचा तो एक मोठा आदर्श. नैरोबीत वाढलेला तरुण छायाचित्रकार डॅन एल्डन १९९३ मध्ये सोमालियातल्या मोगादिशूत मारला गेला. कात्रणे, फोटो आणि रंगांनी फुगलेल्या त्याच्या वह्यांची निवडक पाने १९९७ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि वही म्हणजे काय असू शकते, हे अनेकांना नव्याने कळले.

साहित्यही बदलत होते. जपानमध्ये कुराशिकीची कामोई ही कंपनी १९२३ मध्ये माश्या पकडण्याचे चिकट कागद करू लागली आणि पुढे रंगकामासाठी मास्किंग टेप बनवू लागली. २००६ मध्ये तीन स्त्रियांनी त्या टेपने सजवलेली छोटी पुस्तिका तिच्याकडे पाठवली आणि कारखाना पाहण्याची इच्छा कळवली. त्यातून रंगीत टेपा निघाल्या. आज आपण ज्याला वॉशी टेप म्हणतो, ती तिथून जगभर गेली. दुसरीकडे ग्रंथालयांनी आपल्या संग्रहांतले जुने छापील कागद स्कॅन करून खुले केले आणि घरचा प्रिंटर रंगीत छापू लागला. क्रोमोलिथोग्राफीतले गुलाब पुन्हा तक्त्यांवर आले आणि आपण ते कात्रीने कापू लागलो.

म्हणून नक्कल वापरण्याला माझा विरोध नाही. अस्सल जुने पत्र कापण्यापेक्षा त्याची प्रत कापणे केव्हाही बरे. पण सगळी वहीच किटमधून आली, तर पन्नास वर्षांनी ती उघडणाऱ्याला किट कुणी विकले तेवढे कळेल. जिने ती केली तिच्याबद्दल काहीच कळणार नाही. प्रत्येक जुजात एक तरी तुकडा आपल्या स्वतःच्या दिवसांतला असावा, असा माझा आग्रह आहे.

हे आता अवघड होत चालले आहे. तिकिटे फोनवर आली, आणि हाती मिळणारी पावती बहुधा थर्मल कागदावरची असते. तिच्यात शाई नसते. कागदावरचा रासायनिक थर उष्णतेने काळा पडून अक्षरे उमटतात आणि प्रकाश, ऊब, काही प्रकारचा गोंद किंवा प्लॅस्टिकचे पाकीट यांमुळे ती काही वर्षांत पुसट होतात. अशी पावती ठेवायची असेल तर आधी तिची झेरॉक्स किंवा लेझर प्रिंट साध्या ॲसिड-फ्री कागदावर काढावी, मागे पेन्सिलीने तारीख आणि ठिकाण लिहावे, आणि तीच वहीत लावावी. चहात भिजवलेला कागद थोडा आम्लधर्मी होतो. आजच्या बहुतेक कार्यालयीन कागदात आम्ल शमवणारे कॅल्शियम कार्बोनेट असल्यामुळे तो हे आम्ल काही प्रमाणात सोसतो, पण एकमेव असलेला जुना फोटो अशा पानावर थेट चिकटवू नये. त्यासाठी पॉलिएस्टरचे पारदर्शक पाकीट पानाला शिवून घ्यावे आणि फोटो त्यात सुटा ठेवावा.