गळाची मासेमारी : पाण्यावरचा हक्क, वाट आणि काठावरची रीत (पुणे परिसर)

काठी, तंगूस (नायलॉनचा बारीक दोरा) आणि गळ घेऊन हौसेने मासे धरणाऱ्याला पुणे जिल्ह्यात पाण्याची वानवा नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव, पवना, मुळशी, भाटघर, चासकमान, शिवाय उजनीचा पसरलेला फुगवटा. अडचण येते ती हे पाणी कोणाचे, या प्रश्नाशी. एकाच काठावर तीन वेगळे धनी असू शकतात : पाणी आणि तळ शासनाचा, मासा ठेका घेतलेल्या मच्छीमार संस्थेचा, आणि पाण्यापर्यंतची वाट शेतकऱ्याच्या बांधावरून. एकाने दिलेली परवानगी दुसऱ्याला लागू पडत नाही. काठावरची बहुतेक भांडणे हे तिन्ही एकच समजल्यामुळे होतात.

पाणी आणि मासा

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले, तलाव आणि त्यांतले साठलेले वा वाहते पाणी, ज्यावर दुसऱ्या कोणाची मालकी नाही ते, राज्य शासनाचे असते. यावरून ‘सरकारी म्हणजे सगळ्यांचे’ असा जो अर्थ हौशी मंडळी काढतात तो टिकत नाही. मासे धरून नेण्याचा हक्क जमिनीपासून आणि पाण्यापासून वेगळा करून देता येतो. चिलका सरोवरातील मासेमारीवरून झालेल्या ‘आनंद बेहेरा विरुद्ध ओरिसा राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये असा हक्क स्थावर मालमत्तेत मोडतो असे ठरवले.

धरणांच्या जलाशयांत मत्स्यव्यवसाय विभाग हा हक्क ठेक्याने देतो. ठेका बहुतेक ठिकाणी स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे आणि साधारण पाच वर्षांचा असतो. गावतळ्यांचा कारभार ग्रामपंचायतीकडे असू शकतो. संस्था ठेक्याची रक्कम भरते आणि कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस यांची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्ले, विकत आणून सोडते. त्यामुळे गळाला लागलेला चार किलोचा कटला बहुधा कोणीतरी पैसे मोजून पाण्यात टाकलेला असतो. चिलापी, मरळ, वाम, शिंगाडा हे न सोडताही वाढतात, म्हणून ‘आम्ही फक्त चिलापी धरतो’ हे कारण नेहमी पुढे केले जाते. ठेका मात्र पाण्यातल्या सगळ्या माशांचा असतो.

वाहत्या नदीतला मोकळा मासा कोणाच्या ताब्यात नसतो, म्हणून तो धरणे सहसा चोरी ठरत नाही. शेततळ्यातला किंवा बंदिस्त तळ्यातला मासा मालकाच्या ताब्यात असतो. तो न विचारता नेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली चोरीची तक्रार होऊ शकते. हिमाचल प्रदेशात गळाच्या मासेमारीसाठी दिवसाचा परवाना मिळतो. पुण्याच्या पाण्यांवर तशी पद्धत रुळलेली नाही, सगळे संस्थेशी बोलून ठरते.

सुरुंग आणि विष यांना १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच गुन्हा ठरवले आणि ती बंदी आजही आहे. मोटारीच्या वायरीवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडणे हा वीजचोरीचाही गुन्हा आहे. त्यात मासा मरण्याआधी माणूस मरू शकतो.

जमीन आणि वाट

धरणासाठी जमीन साधारणपणे पूर्ण संचय पातळीपर्यंत, म्हणजे धरण भरल्यावर पाणी टेकते त्या रेषेपर्यंत, काही ठिकाणी थोडी वरपर्यंत, संपादित झालेली असते. त्या रेषेवर कुठे कुठे हद्दीचे दगड दिसतात. त्यांच्या वरची जमीन खाजगी धरून चालावे. शंका आली तर उभ्या जागेचा गट क्रमांक शासनाच्या भूनकाशा संकेतस्थळावर पाहावा आणि महाभूलेखवर त्याचा सात-बारा उघडावा, दोन्ही मोफत दिसतात. भोगवटादाराच्या रकान्यात महाराष्ट्र शासन किंवा पाटबंधारे खाते असेल तर जमीन सरकारी. पुण्यात आणखी एक गैरसमज आढळतो : नदीच्या निळ्या पूररेषेच्या आतली जमीन सरकारी असते. ती रेषा बांधकामावर बंधन घालते, मालकी बदलत नाही.

उन्हाळ्याकडे पाणी उतरले की उघडी पडणारी जमीन ही खास इकडची गुंतागुंत. तळ सरकारचा असला तरी ही गाळपेर जमीन हंगामापुरती शेतकऱ्यांना कसायला दिलेली असते. उजनीच्या काठी, इंदापूर-दौंडकडे, पाण्याला लागूनच पिके उभी दिसतात. सात-बारावर शासनाचे नाव आहे म्हणून पिकातून सरळ पाण्याकडे चालत जाणे हे नुकसानच. अशा ठिकाणी वाट बांधाने किंवा मोटारीच्या पाइपलाइनच्या कडेने काढतात. शिवरस्ता आणि पाणंद गावनकाशात दाखवलेले असतात, तिथून पायी जायला हरकत नसते. पण पाणंदीत गाडी लावली की ट्रॅक्टर अडतो, आणि ऊसतोडीच्या दिवसांत ही चूक गावकरी माफ करत नाहीत. काट्याची झाप किंवा फाटक जसे होते तसे लावून पुढे जायचे, उघडे मिळाले तर उघडेच ठेवायचे.

कोणाच्या जमिनीवर नुसते पाऊल पडणे हा फौजदारी गुन्हा होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये उद्देश महत्त्वाचा आहे. गुन्हा करण्यासाठी, धमकावण्यासाठी, अपमान करण्यासाठी किंवा त्रास देण्यासाठी शिरणे, किंवा रीतसर शिरल्यावर अशा उद्देशाने तिथेच ठाण मांडणे, याला फौजदारी अतिक्रमण म्हणतात. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणूनच ‘निघा’ म्हटल्यावर कायदा शिकवत उभे राहणे धोक्याचे. तोवर जे चुकून आलेले पाऊल होते त्याला हुज्जतीने गुन्ह्याचे रूप येऊ शकते. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा याहून निराळा, त्याला असा उद्देश लागत नाही.

ठिकाणे

धरणाची भिंत, दरवाजे, सांडवा आणि विमोचक विहिरीचा (जिथून धरणाचे पाणी बाहेर सोडतात तिचा) परिसर सगळीकडे वर्ज्य आहे. परवानगीचा प्रश्नच येत नाही, कारण ती कोणी देत नाही. खडकवासल्याच्या एका काठाला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे आणि तिच्या पीकॉक बेवर छात्रांचे जलप्रशिक्षण चालते. कुंपण दिसत नसले तरी तो काठ लष्करी हद्दीचा समजावा. होडीतून किंवा ट्यूबवर बसून तिकडे वाहत जाणे हाही प्रवेशच धरला जातो. हे पाणी शहराला पिण्यासाठी जाते, त्यामुळे किलो-किलोने चारा ओतून मासे जमवण्याची पद्धत इथे करू नये. गळापुरता कणकेचा गोळा पुरतो.

मुळशी, वळवण, शिरवटा, ठोकरवाडी हे टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाचे जलाशय आहेत. पाटबंधारे खात्याच्या धरणावरचा अनुभव इथे उपयोगी नाही, कारण जमीन कंपनीच्या ताब्यात आहे आणि परवानगी तिचीच लागते. मुळशी खोऱ्यात जमिनीचा विषय १९२१ च्या सत्याग्रहापासून हळवा आहे. तिथल्या माणसाशी हद्दीवरून बोलताना हे ध्यानात असलेले बरे.

भीमाशंकरसारख्या अभयारण्याच्या हद्दीतले ओढे आणि डोह वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली येतात. तिथे गळ घेऊन जाणेच अंगाशी येते. देहू-आळंदीला इंद्रायणीच्या घाटाजवळ मासे न धरण्याची रूढी आहे. फलक असो वा नसो, तिथे काठी उघडणारा हौशी माणूस लोकांच्या दृष्टीने बेअदबी करणारा ठरतो.

शहरातली मुळा-मुठा आणि पाषाण तलाव यांत मैलापाणी येते. गळाला मासा लागतो, पण तो खाऊ नये.

शेततळ्यावर मालक हो म्हणाला तरी एक गोष्ट विसरू नये. तळाला अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद सहसा ५०० मायक्रॉनचा असतो. काठी टेकवायचा लोखंडी खुंट त्यात रोवला, किंवा अडकलेला गळ ओढून काढला, की भोक पडते आणि तळे हळूहळू रिकामे होते. स्टँड बांधाच्या वर, कागदाबाहेर लावतात. ओल्या कागदावर पाय ठरत नाही, पोहणारासुद्धा वर चढू शकत नाही. म्हणून गाठी मारलेला दहा मीटरचा दोर बांधावरच्या पक्क्या खुंटाला बांधून आत सोडल्याशिवाय बसू नये.

परवानगी

ती काठावर मागायची नसते, आदल्या दिवशी मागायची असते. सर्वांत खात्रीची जागा म्हणजे मासळी उतरवण्याचा धक्का. सकाळी वजनकाटा चालू असताना संस्थेचा अध्यक्ष, सचिव किंवा ठेकेदाराचा माणूस तिथे सापडतो. ठेका कोणाकडे हेच कळत नसेल तर सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या पुण्यातल्या कार्यालयात चौकशी करता येते. पैसे दिले तर पावती घ्यावी. तिच्यावर जलाशयाचे नाव, तारीख, काठ्यांची संख्या, संस्थेचा शिक्का आणि सही हवी. काठावर फिरणाऱ्या कोणालातरी शंभर-दोनशे रुपये देऊन बसणे हा नेहमीचा घोटाळा. दुपारी खरा राखणदार येतो, त्याला पैसे घेणाऱ्याचे नावही सांगता येत नाही, आणि मासे व काठी दोन्ही जप्त होण्याची वेळ येते. संस्थेची पावती वाटेवरच्या शेतकऱ्याला बांधील नसते. त्याला स्वतंत्र विचारायचे : “मामा, रामराम. दोन काठ्या टाकतोय, दुपारपर्यंत. बांधावरून गेलो तर चालेल ना?” परत जाताना त्याला सांगून जाणाऱ्याला पुढच्या वेळी अडचण येत नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला अंड्यावरचे मासे प्रवाहाविरुद्ध ओढ्यांत चढतात. या वलगणीवर, म्हणजे चढत्या माशांवर, तुटून पडण्याची जुनी सवय आहे. नव्या पाण्यातली ती एक मादी म्हणजे पुढच्या वर्षाचे मासे, म्हणून जाणते गळवाले जून ते ऑगस्ट ओढ्यांच्या तोंडाशी बसत नाहीत. त्या काळात जिल्हाधिकारी धोक्याच्या पर्यटनस्थळांवर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली मनाई आदेशही काढतात. तो आदेश संस्थेच्या पावतीच्या वर असतो.

काठावरची रीत

भोई, कोळी, कातकरी मासेमारांची जाळी संध्याकाळी लागतात आणि पहाटे निघतात. पाण्यावर ओळीत तरंगणारे थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या म्हणजे जाळ्याचे बोये. त्यांच्या ओळीपलीकडे गळ फेकायचा नाही, कारण परत ओढताना गळ जाळ्यातूनच येतो. अडकलाच तर काठी वाकवून झटके देऊ नयेत. जाळ्याचा बारीक तंगूस पटापट तुटतो आणि वीतभर भोक हातभर होते. दोरा सैल सोडून काठावरून बाजूला जावे आणि उलट्या दिशेने हलके ओढून पाहावे. तरी न सुटल्यास दोरा कापावा, गळाचे नुकसान आपले. मग जाळेवाल्याला जागा दाखवावी, नाहीतर पहाटे अंधारात जाळे ओढताना तो गळ त्याच्या हातात घुसतो. दावणीच्या दोरीला, म्हणजे अनेक गळ लावलेल्या लांब दोरीला, हात लावू नये. तिच्यावरचा मासाही सोडवू नये.

फुगवट्याच्या काठाला शेतकऱ्यांच्या मोटारी असतात. पाण्यातल्या पाइपाच्या टोकाचा वाल्व्ह, ज्याला शेतकरी ‘फुटबॉल’ म्हणतात, तिथे मासे जमतात हे खरे. गळही तिथेच अडकतो. ओढताना वाल्व्ह हलला तर पाइपात हवा शिरते, मोटार पाणी ओढेनाशी होते आणि रात्रीची पाळी वाया जाते. शेजारून गेलेल्या केबलला जोड असतात, त्या ओल्या जागेतून अनवाणी चालू नये. कार्बनची काठी विजेची वाहक असते. वरून तारा जात असतील तिथे ती उघडायचीच नाही, दुमडून न्यायची.

आधी बसलेल्याच्या डाव्या-उजव्या हाताला निदान दोन काठ्यांच्या फेकीइतके अंतर सोडतात आणि त्याच्या समोर तिरका गळ टाकत नाहीत. कोणाला मोठा मासा लागला की शेजाऱ्यांनी न सांगता आपले दोरे गुंडाळून घ्यायचे. तुटलेला तंगूस काठावर राहिला तर बगळे, पाणकोंबड्या त्यात गुरफटतात, आणि भिगवणला पक्षी पाहायला येणाऱ्यांच्या नजरेत गळवाले बदनाम होतात. तुकडे बोटभर कापून डबीत घालून घरी न्यावेत. एका धरणातले जिवंत आमिष दुसऱ्या धरणात नेऊ नये. चिलापी नको त्या तळ्यात पोहोचते ती अशीच.

देशी महसीर लागला तर सोडावा. टॉर खुद्री या जातीचे वर्णन विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या माशावरून केले. आज त्या नदीत तो मासा उरलेला नाही. लोणावळ्याजवळ वळवणच्या केंद्रात या माशाचे बीज अनेक दशके तयार होत आहे. गळाचा उलटा काटा आधीच पकडीने चेपलेला असेल तर गळ पाण्यातच निघतो. मासा हात ओले करून धरावा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. तोंड प्रवाहाकडे करून, स्वतःहून शेपटी मारेपर्यंत पोटाखाली हात ठेवावा. कासव लागले तर दोरा तोंडाजवळ कापून सोडावे. गोड्या पाण्यातली कासवे कायद्याने संरक्षित आहेत, फोटोसाठीसुद्धा बादलीत ठेवू नयेत.

पाणी वाढले तर

खडकवासल्याचा उपयुक्त साठा अवघा १.९७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, तर वरच्या पानशेतचा १०.६५ आणि वरसगावचा १२.८२ टीएमसी. वरची धरणे भरत आली की छोट्या खडकवासल्याला पाणी धरून ठेवता येत नाही आणि मुठेत विसर्ग सुरू होतो. धरणाखालच्या पात्रात, खडकांवर बसलेल्याला ऊन पडलेले असतानाही पूर गाठतो. विसर्गाच्या इशाऱ्याचा भोंगा वाऱ्यात ऐकू येईलच असे नाही. बसताच पाण्याच्या रेषेवर एक खडा ठेवावा आणि दर दहा मिनिटांनी तो पाहावा.

उतरलेल्या पाण्याचा गाळही फसवतो. रुंद भेगा पडून गवत उगवलेला गाळ वजन पेलतो. करडा, चकाकणारा, भेगा नसलेला गाळ वरून पापुद्र्यासारखा वाळलेला असतो आणि खाली मांडीपर्यंत चिखल असतो. काठीचे टोक न दाबता आत गेले तर पुढे पाऊल टाकायचे नाही.

रेषेवरचा खडा बुडाला, पाणी गढूळ झाले, काड्या-पाने वाहत येऊ लागली, यांतले एक जरी दिसले तरी काठी उचलून वर यायचे. पलीकडच्या खडकावर राहिलेली पिशवी तिथेच राहू द्यायची.