कॉर्डवरून पियानो शिकायची पद्धत आली कुठून

सांगली-मिरजेत किंवा साताऱ्यात आज कीबोर्डच्या क्लासला नाव घातले, की लवकरच सी, एफ, जी आणि ए मायनर या चार कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे तीन-तीन सूर, हाताखाली येतात. जुन्या वळणाच्या शिक्षकांना हे पटत नाही. आधी अलंकार, मग सरगम, मग गत हा क्रम सोडून एकदम तीन-तीन पट्ट्या दाबायला लावणे ही त्यांच्या लेखी आडवाट. प्रत्यक्षात ही वाट पियानोपेक्षाही जुनी आहे.

फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास पियानो घडवला. त्याच्या आधी शंभरेक वर्षे इटलीतले हार्पसिकॉर्ड (पियानोआधीचे पट्ट्यांचे तारवाद्य) आणि ऑर्गन वाजवणारे कॉर्डवरच काम भागवत होते. त्यांच्यापुढच्या कागदावर फक्त खर्जाची ओळ असे आणि काही सुरांवर आकडे. आकडा नसला तर त्या सुरावर तिसरा आणि पाचवा सूर चढवायचा, ६ लिहिलेला असला तर तिसरा आणि सहावा. मधले सूर कुठल्या सप्तकात घ्यायचे, एकदम वाजवायचे की फोडून, हे वाजवणाऱ्याच्या अकलेवर सोडलेले. नेपल्सच्या चार जुन्या संगीतशाळा मुळात अनाथ मुलांसाठी काढलेल्या. तिथे मुलांकडून अशा खर्जाच्या ओळी घोटून घेत. पोराला पुढे चर्चमध्ये किंवा नाटकघरात पोट भरायचे होते, त्यामुळे छापील तुकडा सुबक वाजवण्यापेक्षा ऐन वेळी साथ करता येणे महत्त्वाचे होते.

पुढची मोठी उडी १७२२ ची. ज्याँ-फिलिप रामो या फ्रेंच संगीतकाराने आपल्या ग्रंथात मांडले, की सा-ग-प, ग-प-सा आणि प-सा-ग ही एकाच कॉर्डची तीन रूपे आहेत. खाली कोणताही सूर असला तरी मूळ सा-च. आज ‘इन्व्हर्जन’ म्हणून शिकवतात ते हेच. नवशिक्याचे निम्मे काम या एका कल्पनेने हलके होते, म्हणून इथे थोडे थांबू.

पेटीच्या भाषेत सी म्हणजे पांढरी एक. सी कॉर्ड पांढरी एक, तीन आणि पाच. उजव्या हाताचा अंगठा, मधले बोट, करंगळी. एफ कॉर्ड मूळ रूपात चार, सहा आणि वरची एक. नवशिका ती वाजवायला अख्खा हात उचलून उजवीकडे नेतो, नजर पट्ट्यांवर जाते आणि ठेका सुटतो. त्याऐवजी अंगठा पांढरी एकवरच राहू द्यावा, मधले बोट तीनवरून चारवर आणि करंगळी पाचवरून सहावर सरकवावी. झाली एफ. जी साठी उलटे करायचे: करंगळी पाचवर घट्ट, अंगठा एकवरून खालच्या सातवर, आणि दोनवर तर्जनी. ए मायनर तर अंगठा एकवर, तर्जनी तीनवर ठेवून करंगळी सहावर नेली की तयार. चारही कॉर्डमध्ये एकही बोट दोन पट्ट्यांपेक्षा जास्त हलत नाही. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारे यंत्र, मिनिटाला ६० वर ठेवून प्रत्येक कॉर्डला चार मात्रा द्याव्यात, आणि चौथ्या मात्रेला पुढच्या कॉर्डमध्ये कायम राहणारा सूर असलाच तर कोणता ते मनात धरावे. अडते ते बहुतेक सी वरून जी ला जाताना, कारण तिथे दोन बोटे एकदम खाली येतात आणि मधल्या बोटाचे काम तर्जनीकडे जाते. हा एकच बदल वेगळा काढून घोटावा.

एकोणिसाव्या शतकात युरोपात वारे फिरले. छापील स्वरलिपी स्वस्त झाली, पियानो घरोघरी गेला, परीक्षा आल्या. इंग्लंडचे परीक्षा मंडळ, असोसिएटेड बोर्ड, १८८९ चे. नेमलेले तुकडे लिहिल्याबरहुकूम वाजवणे म्हणजेच शिकणे, असे समीकरण तेव्हा पक्के झाले. कॉर्ड परत आल्या त्या अमेरिकेतून. १९२० च्या दशकात तिथे गाण्यांच्या छापील प्रतींवर, ओळीच्या वर, युकुलेलीसाठी बोटांच्या जाळ्या आणि कॉर्डची नावे छापू लागले. १९५० च्या दशकाअखेरीस नॅशव्हिलच्या स्टुडिओतले गायक-वादक नावांऐवजी १, ४, ५ असे आकडे लिहू लागले, म्हणजे गायकाने पट्टी बदलली तरी कागद तोच. आपल्याकडच्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. सा, म, प वर उभ्या राहणाऱ्या कॉर्ड म्हटले की तो काळी एकमध्येही त्या शोधतो.

आता आपल्या मुलखाकडे. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबाँने १८४२ मध्ये घडवलेला हार्मोनियम पायाने भाता मारायचा होता, दोन्ही हात मोकळे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो मांडी घालून वाजवता येईल असा केला आणि भाता डाव्या हाताकडे गेला. बैठकीसाठी हे फार सोयीचे झाले. डावा हात मात्र सुरांच्या कामातून कायमचा उठला. संगीत नाटकांत पायपेटी, म्हणजे ऑर्गन, होती. तिथे डावा हात मोकळा असूनही साथ गायकाच्या मागोमाग जाणारीच राहिली, कारण पदे रागांवर बांधलेली. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये जिथे ‘सीता स्वयंवर’ उभे केले, त्या सांगलीच्या कानाला पेटीचा सूर घरचा आणि कॉर्ड परकी, यात नवल नाही.

शिवाय सुरांचा तंटा. तंबोरे आणि सतारी करणाऱ्यांची मिरज पट्ट्यांच्या वाद्याकडे संशयाने पाहणारच. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये २२ श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांवर, इंग्रजीत पुस्तक लिहिले, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यावरून स्वरांची मोजमापे घेतली आणि इंग्रज अधिकारी ई. क्लेमेंट्स यांच्यासोबत श्रुती-हार्मोनियम करवून घेतला. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तो मांडला गेला आणि त्यावर बरीच खडाजंगी झाली. आकाशवाणीवर तर १९४० ते १९७१ पेटीला बंदीच होती.

तक्रारीत तथ्य आहे. तंबोऱ्यातून आपसूक ऐकू येणारा गंधार सा पासून ३८६ सेंटवर असतो, पियानोचा ४०० वर (सेंट म्हणजे लगतच्या दोन सुरांतल्या अंतराचा शंभरावा भाग). मध्य सप्तकात पांढरी एक आणि तीन एकदम दाबून ठेवल्या तर सेकंदाला सुमारे १० वेळा थरथर होते. कान देऊन ऐकले तर ती कळते. पण शुद्ध गंधाराला मिळवलेल्या पेटीवर सा-ग-प जितके गोड, तितकेच रे-म-ध कडू. तिथे रे आणि ध मधले अंतर ७०२ सेंटऐवजी ६८० च भरते. कॉर्ड बदलत राहायच्या, पट्ट्याही बदलायच्या, तर सगळ्या सुरांनी थोडा थोडा तोटा वाटून घ्यावा लागतो. पियानो तो वाटून घेतो. म्हणून गंधार-शुद्ध पेटीवर या कॉर्डचा सराव करू नये. चूक नसताना कान चूक सांगतो.

कॉर्ड इथल्या कानावर पडल्या त्या दोन-तीन दारांनी. मिरजेच्या मिशनमुळे चार आवाजांतली ख्रिस्ती भजने आली, तरी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी, जे १९१७ पासून साताऱ्यात होते, मराठी ख्रिस्ती भजनाला अभंगाचेच वळण दिले. खरा लोंढा आला तो चित्रपटसंगीताचा. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी शिकलेले सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे लोक मुंबईत वाद्यवृंदाची मांडणी करत. रागाच्या चालीखाली कॉर्ड बेमालूम कशी बसवायची, हे त्यांनी आपल्याला ऐकवले. १९८० नंतर कॅसिओ आला आणि गणपतीच्या ऑर्केस्ट्रात घुसला. त्याच्या सोप्या कॉर्ड पद्धतीत डावीकडे एक पट्टी दाबली की मेजर, तिच्या उजवीकडची आणखी कुठलीही एक दाबली की मायनर, दोन दाबल्या की सेव्हन्थ. सोय मोठी आणि खोडही मोठी: अशा एका बोटावर चार वर्षे काढलेल्या मुलाला कॉर्डमधले सूर विचारले तर सांगता येत नाहीत. पहिल्या दिवसापासून ‘फिंगर्ड’ मोड लावावा आणि तिन्ही सूर दाबावेत.

पेटीवरून पियानोकडे येणाऱ्याचे काय चुकते, ते या इतिहासात दिसतेच. उजवा हात तयार, डावा आळशी. त्याला लगेच तीन सुरांची कॉर्ड देऊ नये. आधी करंगळीने फक्त मूळ सूर, चार मात्रांना एकदा. तो न बघता सापडू लागला की मूळ आणि पाचवा. त्यानंतर सा-प-ग-प असा फोडून. डाव्या हाताने मंद्र सप्तकाच्याही खाली जवळजवळचे तीन सूर दाबले तर नुसता गदारोळ होतो, कारण तिथे सुरांचे उपस्वर, म्हणजे मूळ सुरासोबत आपोआप वाजणारे वरचे सूर, एकमेकांत घुसतात. खाली मोकळे अंतर, वर दाट सूर, असा नेम ठेवावा. पेटीवर सूर भात्याने चढतो, पियानोवर पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर; दाबून धरल्याने तो वाढत नाही. म्हणून निदान ६१ पट्ट्यांचा, टच-सेन्सिटिव्ह कीबोर्ड घ्यावा. सूर लांबवणारे पेडल नवी कॉर्ड वाजताच सोडायचे आणि क्षणभराने पुन्हा दाबायचे. कॉर्डसोबतच दाबले तर मागचे सूर पुढच्यांत मिसळतात. कीबोर्ड सुरू करताना पाय पेडलवर असेल तर बऱ्याच मॉडेलमध्ये पेडल उलटे चालते. बंद करून, पाय काढून, पुन्हा सुरू करावे.

राहिला राग. सा-म-प चे सूत्र सगळीकडे चालवणे ही हमखास चूक. पांढरी एक सा धरून यमन वाजवताना एफ कॉर्ड घेतली की शुद्ध मध्यम येतो आणि तीव्र मध्यमाचा खेळ खलास; तिथे डी मेजर घ्यावी, म्हणजे रे, तीव्र म, ध. भूपात मध्यम-निषाद नसल्याने सी आणि ए मायनर याच दोन बिनधोक. भैरवीत प वरची कॉर्ड कोमल निषाद आणि कोमल ऋषभ घेऊन येते, ती डिमिनिश्ड, म्हणजे पाचवा सूर उतरलेली, असते आणि सम गाठायला निरुपयोगी ठरते. त्याऐवजी कोमल ऋषभावरची मेजर कॉर्ड, म्हणजे काळी एक, पांढरी चार, काळी चार, आणि तिथून सी मायनर. आलाप चालू असताना यातले काहीच करू नये. डाव्या हातात सा-प धरावे, गंधार वगळावा आणि गाणाऱ्याला जाऊ द्यावे.