गॅरेजात वाजतो एक, हायवेला दुसराच

नाशिकला सातपूरच्या एका गॅरेजात भाच्याबरोबर गेलो होतो. त्याची गाडी ३५० सीसीची, सिंगल सिलिंडर. दिवाळीच्या सुट्टीत सापुताऱ्याला जायचा बेत होता आणि त्याआधी सायलेन्सर बदलायचा हट्ट. भिंतीला दहा-बारा नग टांगलेले होते. शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, गोल्डस्टार, इंदोरी, पंजाबी, डॉल्फिन. मेकॅनिकने एक चढवला, बटण दाबलं आणि "बीट ऐका साहेब" म्हणत बाजूला झाला. भाच्याचे डोळे लकाकले. "मामा, घेऊन टाकू?"

मी मात्र कोपऱ्यात पडलेल्या एका सायलेन्सरकडे बघत होतो. कुठल्याशा पडलेल्या गाडीचा, चेपलेला, कंपनीचा. आत काय असतं ते बघायला पोरांनी ग्राइंडरने उभा चिरला होता. बाहेरून साधं नळकांडं, आत तीन खोल्या. खोल्यांमध्ये पत्र्याचे पडदे, पडद्यांतून आखूड नळ्या, आणि एकही नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेली नाही. गॅस पहिल्या खोलीतून थेट तिसरीत, तिथून उलटा फिरून मधल्या खोलीत आणि मग शेपटाच्या नळीतून बाहेर. जुन्या वाड्यात माजघरातून परसात जाऊन पुन्हा ओसरीवर यावं तसा. भिंतीवरच्या शॉर्ट बॉटलमध्ये टॉर्च मारली तर समोरचं भोक आरपार दिसलं. आत एक जाळीची नळी आणि तिच्याभोवती गुंडाळलेली ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर, बस्स.

आवाज कुठून येतो ते आधी बघू. जळका गॅस बाहेर सोडणारी झडप, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, उघडते तेव्हा सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या काही पट असतो. तो गॅस इंजिनापासून सायलेन्सरपर्यंत जाणाऱ्या नळीत, बेंड पाइपमध्ये, सुटतो आणि त्याच्या पुढे दाबाची एक लाट धावते. गरम गॅसमध्ये ध्वनी जास्त वेगाने जातो. आपल्या नेहमीच्या हवेत सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास, तर ५०० अंश सेल्सिअसला साधारण ५५० मीटर. चार स्ट्रोकच्या इंजिनात हा स्फोट दर दोन फेऱ्यांना एकदाच होतो. म्हणजे गाडी १००० आरपीएमवर (मिनिटाला १००० फेऱ्या) उभी असेल तर मिनिटाला ५००, सेकंदाला आठ-नऊ ठोके. इतके ठोके कानाला सुटे सुटे ऐकू येतात: डुग, डुग, डुग. ज्याच्यासाठी पोरं पैसे मोजतात ती बीट हीच.

आता हायवेला ३५०० आरपीएम धरा. सेकंदाला एकोणतीस ठोके झाले. वीसच्या वर गेले की कान ते वेगळे मोजणं सोडून देतो आणि सगळे मिळून एकच स्वर होतो, खालच्या पट्टीतली सलग घुरघुर. गॅरेजात ऐकलेली बीट दिंडोरीच्या अलीकडेच संपते. पुढे वणी, सापुतारा आणि परतीचा रस्ता, सगळा वेळ सोबत फक्त घुरघुर. शिवाय गॅरेजात गाडी उभी असते, इंजिनावर बोजा नसतो. चढाला थ्रॉटल पूर्ण उघडला की तोच सायलेन्सर कितीतरी मोठ्याने बोलतो. उभ्या गाडीवर बीट ऐकून टूरिंगसाठी सायलेन्सर निवडायचा म्हणजे फोटो बघून मुलगी पसंत करण्यातला प्रकार.

ही घुरघुर मारायची कशी, हा सायलेन्सर बनवणाऱ्यांचा जुनाच प्रश्न. अमेरिकेत मिल्टन आणि मार्शल रीव्ह्स या भावांनी इंजिनाच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं ते १८९७ मध्ये. रस्त्यावर तेव्हा मोजक्याच मोटारी होत्या. तेव्हापासून मूळ युक्त्या दोनच आहेत. एक, आवाज आवाजावरच उलटवायचा: खोल्या आणि नळ्यांची मापं अशी ठेवायची की परत फिरलेली लाट पुढून येणाऱ्या लाटेच्या बरोबर उलट पडावी आणि दोघींनी एकमेकींना गिळावं. दोन, आवाज शोषायचा: लाट ग्लासवूलच्या तंतूंमध्ये घुसते, घासली जाते आणि तिची थोडीशी उष्णता होते.

दुसरी युक्ती स्वस्त आणि हलकी आहे, पण ती चालते ती मुख्यतः वरच्या पट्टीवर. चरचर, फडफड, पत्र्याचा खणखणाट ग्लासवूल खाऊन टाकते. खालची घुरघुर तिच्यातून आरामात निघून जाते, कारण त्या लाटेची लांबीच अवाढव्य असते. पाव लाटेची बंद नळी जोडून एकोणतीस हर्ट्झचा ठोका मारायचा म्हटलं तर ५५० भागिले २९, त्याचा चौथा भाग, पावणेपाच मीटर. गाडीपेक्षा नळी दुप्पट लांब! म्हणून खालच्या पट्टीसाठी एकच मार्ग उरतो: जागा. मोठ्या पोकळीत लाट पसरली की तिचा जोर ओसरतो. साधारण आडाखा असा, की सायलेन्सरचं आतलं आकारमान इंजिनाच्या निदान दहापट हवं. ३५० सीसीला साडेतीन लिटर. शॉर्ट बॉटलमध्ये डोळ्यांनीच दिसतं की तेवढी जागा नाही. मग "आवाज कमी करायचा असेल तर डीबी किलर घाला" म्हणून तोंडाशी बूच देतात. त्याने आवाज थोडा कमी होतो, पण गॅसची वाट अरुंद करून.

कंपनीचा सायलेन्सर बोजड दिसतो तो यासाठी. त्याला नावं ठेवणाऱ्यांना मी आता एवढंच म्हणतो की शांतता लिटरमध्ये मोजतात.

इथे मेकॅनिकने ठरलेलं वाक्य टाकलं: "साहेब, इंजिनला बॅकप्रेशर लागतंच." बॅकप्रेशर म्हणजे बाहेर पडणाऱ्या गॅसला होणारा अडथळा. हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतोय. अर्धं खरं असल्यामुळे ते मरत नाही. इंजिनाला अडथळा मुळीच नको असतो. त्याला हवी असते वेळेवर परत येणारी ओढ. दाबाची लाट नळीच्या रुंद टोकाशी पोचली की उलटी होऊन, म्हणजे कमी दाबाची होऊन, परत फिरते. इनटेक आणि एक्झॉस्ट असे दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकदम उघडे असतात, नेमकी तेव्हा ही लाट पोचली तर ती उरलासुरला जळका गॅस ओढून काढते आणि ताज्या हवेला आत बोलावते. पण लाटेचा वेग तोच राहतो आणि इंजिन मात्र फिरायचा वेग बदलतं. नळी ८० सेंटिमीटर धरली तर जाऊन येऊन जेमतेम तीन मिलिसेकंद. ३००० आरपीएमला तेवढ्यात इंजिनाचा फिरता दांडा, क्रँक, पन्नासएक अंश फिरतो, ६००० ला शंभरच्या वर. त्यामुळे ही जुळणी एखाद्या पट्ट्यातच बसते. रोजच्या गाडीला कंपनी ती मधल्या-खालच्या आरपीएमला बसवते. मोकळी नळी लावली की ती जुळणी हलते आणि बहुधा वर सरकते. रेसट्रॅकवर ते चांगलंच. पण मुंबईहून परतताना कसारा घाटात ट्रकच्या मागे तिसऱ्या गिअरला, मागे बसलेलं माणूस आणि दोन बॅगा घेऊन चढायचं असतं, तेव्हा ताकद नेमकी खाली लागते. पोरं म्हणतात गाडी हलकी पळते. आवाज वाढला की पळाल्यासारखं वाटतंच.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या कडक नियमांतल्या) गाड्यांत आणखी एक पाहुणा आहे. बेंड पाइपवर ऑक्सिजन सेन्सर असतो, आणि धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅट, कुठल्या गाडीत बेंड पाइपमध्ये तर कुठल्या गाडीत सायलेन्सरच्याच पोटात. नुसता मागचा डबा बदलणार असाल तर आधी एवढं विचारा, की कॅट कुठे आहे. तो डब्यात असेल तर डबा बदलताच गाडीचा धूर पुन्हा जुन्या जमान्यात जातो. आणि जोडावरची गॅस्केट नीट बसली नाही तर बाहेरची हवा आत शिरते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, इंजिनाचा कॉम्प्युटर, ईसीयू, बिचारा आणखी पेट्रोल सोडतो. ॲव्हरेज पडलं म्हणून लोक इंजेक्टर साफ करत बसतात. उतारावर थ्रॉटल सोडल्यावर फुटणारे फटाकेही पुष्कळदा याच फटीची देणगी असते: न जळलेलं पेट्रोल, गरम नळी आणि बाहेरची ताजी हवा.

आता कान. ताशी शंभरच्या आसपास हेल्मेटभोवतीचा वाराच ९० डेसिबलच्या वर जातो. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा, नायोशचा, हिशोब असा की ८५ डेसिबल आठ तास चालतील, पण दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटं. म्हणजे वाऱ्यानेच दिवसाचा कोटा संपवलेला असतो, आणि त्यात आपण सायलेन्सरची भर घालतो. फोमचे इअरप्लग वरच्या पट्टीतला वारा चांगला अडवतात, खालची घुरघुर त्यांना तितकी दाद देत नाही. हेल्मेटचंही तेच. सहा तासांनी उतरल्यावर डोकं जड होतं, आपण उन्हाला दोष देतो.

शेजाऱ्यांची तक्रारही याच खालच्या पट्टीची असते, आणि गंमत म्हणजे मीटरला ती नीट ऐकू येत नाही. वाहनांचा आवाज डेसिबल-ए मध्ये मोजतात. हे माप माणसाच्या कानासारखं बनवलेलं आहे, त्यामुळे खालचे स्वर त्यात वजा होत जातात: १०० हर्ट्झला एकोणीस डेसिबल, ५० ला तीस. मोबाइलवरच्या ॲपमध्ये आकडा सभ्य दिसतो, आणि गंगापूर रोडच्या गल्लीत रात्री अकराला खिडक्यांच्या काचा थरथरतात. भिंतसुद्धा वरचे स्वर अडवते, खालचे सोडते. म्हणून बंद घरात गाडीचा बाकी आवाज येत नाही, धडधड तेवढी येते.

कायदा सरळ आहे. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला कारखान्यातून निघताना मर्यादा ८० डेसिबल-ए, साडेसात मीटरवरून, वेग घेत जाताना मोजलेली. ते झाल्यावर मालकाने सायलेन्सर बदलून आवाजाची मर्यादा ओलांडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्स बाद. डब्यावर गोलातला 'ई' आणि आकडा कोरलेला असेल तर तो युरोपातल्या मंजुरीचा. नाक्यावरच्या हवालदाराला तो दाखवून उपयोग नाही. तुमच्या मॉडेलसाठी भारतात मंजूर झालेला, कंपनीच्याच ॲक्सेसरीतला डबा मिळत असेल तर तो घ्या आणि कागद डिकीत ठेवा. नसेल तर माझं मत विचाराल तर मूळचाच राहू द्या. "आवाज असला की गाडीवाल्यांना कळतं" हा युक्तिवादही मला पटत नाही. डब्याचं तोंड मागे, धोका बहुतेक समोरून, आणि समोरच्याच्या काचा बंद, एसी आणि गाणी चालू.

तरीही बदलायचाच असेल तर आवाज ऐकण्याआधी डबा हातात घेऊन बघा. पत्रा स्टेनलेस आहे का, की क्रोमच्या मुलाम्याखाली साधं लोखंड. वेल्डिंग सलग आहे का. ग्लासवूल पुन्हा भरता यावी म्हणून टोपी रिव्हेटची आहे का, कारण ती वूल जळून, झडून हळूहळू बाहेर उडते आणि वर्षा-दोन वर्षांत डबा आणखी ओरडायला लागतो. सॅडलबॅग लावून, मागे कुणाला तरी बसवून, तोंड बॅगेला टेकत नाही ना ते बघा. स्टेनलेसवर चढणारा सोनेरी-निळा रंग बघून फसू नका, हरखूनही जाऊ नका. तो रंग नसतोच. तापून आलेला ऑक्साइडचा पातळ थर आणि त्यावर खेळणारा उजेड, पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखा.

आणि पाण्याचं बघा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. थंडीत निफाडकडे पहाटे गाडी सुरू केली की नळीतून थेंब गळतात ते हेच. लांब पल्ल्याला ते उडून जातं. घर ते कॉलेज रोड एवढंच फिरणाऱ्या गाडीत ते डब्यात साचतं आणि आतून पत्रा खातं. चांगल्या डब्याच्या पोटाला म्हणूनच खालून एक बारीक भोक ठेवलेलं असतं.

भाच्याने त्या दिवशी शॉर्ट बॉटल घेतलीच. सापुताऱ्याला जाऊन आला, चार-सहा महिने मिरवला, मग एका पावसाळ्याच्या तोंडाशी फोन: "मामा, जुना सायलेन्सर माळ्यावर आहे ना?" काढायला गेलो. उचलला तर आत पाणी हललं. खालचं ते बारीक भोक कुंभारीण माशीने मातीने लिंपून टाकलं होतं, अगदी गुळगुळीत. खराट्याची काडी घेऊन कोरलं, तर गंजाचं तपकिरी पाणी फरशीवर वाटीभर तरी सांडलं.