‘स्पेशल २६’मागची खरी धाड

तोतये अधिकारी धाड घालतात आणि माल घेऊन पसार होतात. नीरज पांडे यांनी २०१३ साली ‘स्पेशल २६’मध्ये ही गोष्ट हसतखेळत सांगितली. चौघांच्या टोळीत अक्षय कुमार, अनुपम खेर आणि राजेश शर्मा यांच्यासोबत आपले किशोर कदम, म्हणजे कवी सौमित्र, होते. मूळ घटना मात्र मुंबईतली, १९ मार्च १९८७ची.

१७ मार्चला वर्तमानपत्रात जाहिरात आली: गुप्तचर आणि सुरक्षा अधिकारी पदांसाठी पदवीधर हवेत. मुलाखती दुसऱ्या दिवशी ताजमध्ये. मोहन सिंग असं नाव सांगणाऱ्या माणसाने २६ जण निवडले, नरिमन पॉइंटच्या मित्तल टॉवर्समध्ये बोलावून ‘सरावाची धाड’ समजावली आणि भाड्याच्या बसने ऑपेरा हाउसच्या त्रिभोवनदास भीमजी झवेरींच्या पेढीवर नेलं. दुपारचे सव्वादोन वाजले होते. सीबीआय अधिकारी असल्याचं सांगून वॉरंट दाखवलं, कॅमेरे बंद करायला लावले, मालकांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर ताब्यात घेतलं. दागिन्यांचे ‘नमुने’ पिशव्यांत भरून त्यांवर सरकारी सील मारलं. मग पोरांना पहारा द्यायला सांगून तो बाहेर पडला, तो कायमचाच. माल तीसेक लाखांचा होता.

त्या २६ जणांना नाटक करावंच लागलं नाही, कारण त्यांना नोकरी खरी वाटत होती. या डावाची सगळी ताकद इथे आहे. त्यात काळही सोयीचा: सुवर्ण नियंत्रण कायदा (१९६८) अजून लागू होता, तो १९९०मध्ये गेला. साठा आणि वह्या तपासायला सरकारी माणूस येणं सराफांच्या अंगवळणी पडलेलं होतं.

तरी खोट पकडता आली असती. सीबीआय चालते १९४६च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्यावर; करचुकवेगिरीसाठी झडती घेतं ते आयकर खातं, तेव्हा १९६१च्या कायद्यातल्या कलम १३२खाली. त्या झडतीला परिसरातले किमान दोन प्रतिष्ठित पंच लागायचे. जप्त केलेली प्रत्येक वस्तू यादीत चढायची आणि यादीची प्रत मालकाला द्यावीच लागायची. त्या दुपारी पेढीत कुणी एवढंच म्हणायला हवं होतं: “साहेब, पंच कुठे आहेत?”

मोहन सिंग आजवर सापडलेला नाही. पोलीस पेढीत पोहोचले तेव्हा ते २६ जण साहेबांची वाट पाहत तिथेच होते.