मध्यरात्रीचे नियम

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक नोव्हेंबरच्या सुरुवातीला होते आणि नवा अध्यक्ष २० जानेवारीला दुपारी बारा वाजता शपथ घेतो. मधल्या साधारण अकरा आठवड्यांत जुनेच सरकार सत्तेवर असते. त्याचे अधिकार शाबूत असतात, फक्त मतदारांसमोर जाण्याची चिंता उरलेली नसते. या काळात मावळते सरकार लगबगीने जे नियम अंतिम करते त्यांना तिथे ‘मध्यरात्रीचे नियम’ म्हणतात. १८०१ मध्ये जॉन अ‍ॅडम्स यांनी पद सोडता सोडता केलेल्या न्यायाधीशांच्या नेमणुकांना ‘मध्यरात्रीच्या’ म्हटले गेले. नियमांना हे विशेषण चिकटले ते कार्टर सरकारच्या अखेरीस, १९८०-८१ मध्ये. मुदत प्रत्यक्षात भर दुपारी संपते, पण नाव रात्रीचेच राहिले.

महाराष्ट्रातल्या वाचकाला आचारसंहितेच्या तोंडावर निघणाऱ्या जीआरच्या धडाक्याची आठवण होईल. साम्य आहे, पण अर्धेच. इथली घाई मतदानाआधीची असते. तिथली निकालानंतरची, केलेले काम पुसले जाऊ नये म्हणून. शिवाय जीआर दुसऱ्या जीआरने रद्द होतो. अमेरिकी नियम एकदा अमलात आला की तो काढायलाही तो करताना लागली तीच सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते, आणि तो का काढला याचे कारण न्यायालयात टिकावे लागते. म्हणूनच नियम २० जानेवारीच्या अलीकडे अमलात आला की पलीकडे, याला एवढे महत्त्व.

नियमाची वाटचाल. १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यानुसार मसुदा फेडरल रजिस्टर या राजपत्रात छापला जातो. लोकांना हरकती-सूचनांसाठी बहुधा ३० ते ६० दिवस मिळतात आणि महत्त्वाच्या हरकतींना खात्याला लेखी उत्तर द्यावे लागते. मोठा नियम व्हाइट हाउसच्या अखत्यारीतील ओआयआरए या कार्यालयाकडे छाननीला जातो. तिथे ९० दिवस लागू शकतात. मग अंतिम नियम छापला जातो. छापल्यापासून किमान ३० दिवसांनी तो अमलात येतो, आणि वर्षाला १० कोटी डॉलर वा त्याहून मोठा आर्थिक परिणाम करणारा असेल तर ६० दिवसांनी. उलटा हिशेब मांडला तर मोठा नियम २१ नोव्हेंबरच्या आधी आणि साधा नियम २१ डिसेंबरच्या आधी राजपत्रात यायला हवा. पर्यावरणाचे नियम या कात्रीत हमखास सापडतात, कारण त्यांच्यामागचा वैज्ञानिक अभ्यास, उद्योगांच्या हरकती आणि त्यांची उत्तरे यांतच कार्यकाळाची बरीच वर्षे जातात.

नवे सरकार पहिल्या दिवशी सर्व खात्यांना एक टिपण धाडते. या प्रथेची सुरुवात १९८१ मध्ये रेगन यांच्या काळात झाली. बुश यांचे चीफ ऑफ स्टाफ अँड्र्यू कार्ड यांनी २० जानेवारी २००१ रोजी काढलेले टिपण पुढच्यांसाठी नमुना ठरले. त्यात तीन गोष्टी असतात: राजपत्राकडे न गेलेले नियम पाठवू नका, गेलेले पण न छापलेले परत घ्या, छापलेले पण अमलात न आलेले ६० दिवस पुढे ढकला. छपाईची तारीख आणि अंमलाची तारीख हे दोन वेगळे टप्पे आहेत हे इथे ध्यानात ठेवायला हवे. पुढचे बरेचसे खटले याच दोन तारखांभोवती फिरतात.

काँग्रेसची कुऱ्हाड. नियम अमलात आला म्हणजे वाचला असे नाही. १९९६ च्या काँग्रेशनल रिव्ह्यू अ‍ॅक्टने काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, एका वाक्याच्या ठरावाने नियम रद्द करण्याचा अधिकार दिला. सिनेट या वरिष्ठ सभागृहात त्यावर फिलिबस्टर, म्हणजे चर्चा लांबवून मतदान अडवणे, चालत नाही, चर्चा जास्तीत जास्त दहा तास आणि मंजुरीला साधे बहुमत पुरते. अध्यक्षांची सही मात्र लागते. जुन्या काँग्रेसच्या कामकाजाच्या शेवटच्या ६० दिवसांत आलेले नियम नव्या काँग्रेसला नव्याने विचारात घेता येतात. हे दिवस कॅलेंडरचे नव्हेत, सभागृह भरल्याचे. त्यामुळे ही खिडकी नोव्हेंबरात नाही तर त्या वर्षीच्या उन्हाळ्यातच उघडते. शिवाय रद्द झालेल्या नियमासारखाच नियम खात्याला नवा कायदा झाल्याशिवाय पुन्हा करता येत नाही. हा शेवटचा भाग सर्वांत जाचक आहे. घाईने केलेला कच्चा नियम आपल्यामागे त्या विषयाचे दारच बंद करून जाऊ शकतो.

२०१६ पर्यंत हे हत्यार एकदाच, २००१ मध्ये, यशस्वी झाले होते. २०१७ च्या पहिल्या काही महिन्यांत ओबामांच्या काळातील १४ नियम त्याने रद्द केले. कोळसा खाणींचा राडारोडा डोंगरी ओढ्यांत जाऊ नये यासाठीचा नियम त्यांपैकीच. त्यावर २००९ पासून काम चालू होते. २० डिसेंबर २०१६ ला तो छापला गेला आणि १९ जानेवारीला, शपथविधीच्या आदल्या दिवशी, अमलात आला. म्हणजे टिपणातून सुटला, पण ठरावातून सुटला नाही: १६ फेब्रुवारी २०१७ ला ट्रम्प यांनी तो रद्द करणाऱ्या ठरावावर सही केली. मात्र सगळेच ठराव पार पडले नाहीत. सरकारी जमिनीवरील तेल-वायू विहिरींतून सुटणाऱ्या मिथेनचा नियम रद्द करण्याचा ठराव त्याच वर्षी मे महिन्यात सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडला. हत्यार दुधारी आहे. २०२० मध्ये ट्रम्प सरकारने मिथेनवरील निर्बंध सैल केले. तो नियम बायडन यांनी जून २०२१ मध्ये असाच ठराव स्वीकारून काढला. पुढे ही खिडकी चुकवण्यासाठी बायडन सरकारने वीज प्रकल्पांच्या कार्बन उत्सर्जनाचा नियम एप्रिल २०२४ मध्येच जाहीर केला. मिथेन शुल्काचा नियम मात्र नोव्हेंबरात आला आणि मार्च २०२५ मध्ये ठरावाने गेला.

एसीचा खटला. स्वच्छ ऊर्जेच्या बाबतीत सर्वांत बोलके उदाहरण घरगुती एअर कंडिशनरचे आहे. यंत्र एका वॉट-तास विजेत किती बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) उष्णता बाहेर टाकते याची हंगामी सरासरी म्हणजे ‘सीअर’. जुने किमान प्रमाण १० होते. क्लिंटन सरकारने ते १३ केले. तीन टनांचे, म्हणजे तासाला ३६,००० बीटीयूचे यंत्र धरले तर सरासरी ३.६ किलोवॉटऐवजी सुमारे २.८ किलोवॉट वीज लागेल. क्लिंटन पायउतार झाले तेव्हा हा नियम छपाईच्या रांगेत होता. तो राजपत्रात आला २२ जानेवारी २००१ ला, सरकार बदलल्यावर दोन दिवसांनी. बुश यांच्या ऊर्जा खात्याने आधी त्याचा अंमल पुढे ढकलला आणि २००२ मध्ये प्रमाण १२ वर आणले. पण उपकरणांच्या ऊर्जाक्षमतेच्या कायद्यात एक कलम आहे: एकदा वाढवलेले किमान प्रमाण खाली आणता येत नाही. जानेवारी २००४ मध्ये अपील न्यायालयाने म्हटले की हे कलम राजपत्रात छपाई होताच लागू होते, अंमलाची तारीख यायची वाट पाहत नाही. सीअर १३ परत आले आणि २३ जानेवारी २००६ पासून बंधनकारक झाले.

या निकालातून पुढच्यांनी धडा घेतला, पण उलटा. छापल्यावर मागे येता येत नसेल तर छापायचेच नाही! ऊर्जा खात्याने २०१६ मध्ये अशी सोय केली होती की अंतिम प्रमाण आधी संकेतस्थळावर ४५ दिवस ठेवायचे, कोणी आकडेमोडीची चूक दाखवली तर दुरुस्त करायची आणि मग राजपत्राकडे पाठवायचे. हेतू भला होता. त्या डिसेंबरात सुवाह्य एसी, यूपीएस, एअर कॉम्प्रेसर आणि व्यापारी बॉयलर यांची प्रमाणे अशी ठेवली गेली. ४५ दिवस संपले तोवर सरकार बदलले होते, आणि चारही नियम टेबलावरच राहिले. ऑक्टोबर २०१९ मध्ये अपील न्यायालयाने छपाई हे खात्याचे कर्तव्य आहे, मर्जी नव्हे, असे ठरवल्यावर ते १० जानेवारी २०२० ला छापले गेले. एका सद्हेतूच्या दुरुस्तीखिडकीने तीन वर्षे खाल्ली.

नियमाचा आशय भक्कम असेल तर कधी कधी नवे सरकारच माघार घेते. पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकची मर्यादा ५० वरून १० पीपीबीवर (अब्ज भागांत दहा भाग) आणणारा नियमही २२ जानेवारी २००१ चाच. ईपीए या पर्यावरण संस्थेने मार्चमध्ये तो मागे घेत असल्याचे सांगितले, फेरतपासणी केली, आणि ऑक्टोबरात १० हाच आकडा कायम ठेवला.

पैसा आणि शुचिता. अलीकडे घाई नियमांपेक्षा निधीची जास्त दिसते. ऊर्जा खात्याच्या कर्जात ‘सशर्त हमी’ आणि ‘करार पूर्ण’ असे दोन टप्पे असतात. सशर्त हमी नवे सरकार सहज सोडून देऊ शकते, सह्या झालेला करार मोडणे अवघड. डिसेंबर २०२४ मध्ये ब्लूओव्हल एसके या बॅटरी प्रकल्पाचा ९.६३ अब्ज डॉलरचा करार पूर्ण झाला. त्याच महिन्यात खात्याच्या महानिरीक्षकांनी बाहेरच्या सल्लागारांच्या हितसंबंधांची तपासणी पुरी होईपर्यंत कर्जे थांबवावीत अशी शिफारस केली. कर्जे थांबली नाहीत. दूरदृष्टी आणि उधळपट्टी यांतला फरक इथे कागदपत्रांच्या शिस्तीवरच ठरतो, आणि ती शिस्त घाईत सर्वांत आधी सुटते.

येणाऱ्या बाजूचीही शुचिता तपासावी लागते. डिसेंबर २०१६ मध्ये ट्रम्प यांच्या संक्रमण पथकाने, म्हणजे सत्तांतराची तयारी करणाऱ्या चमूने, ऊर्जा खात्याला ७४ प्रश्नांची यादी पाठवली. हवामान परिषदांना आणि कार्बनची सामाजिक किंमत (उत्सर्जनाने समाजाचे होणारे नुकसान पैशांत) ठरवणाऱ्या बैठकांना गेलेल्या कर्मचाऱ्यांची नावे त्यात मागितली होती. खात्याने माहिती दिली, नावे दिली नाहीत. पथकानेही नंतर ही यादी अधिकृत नसल्याचे सांगितले. अशा पथकाला १९६३ च्या राष्ट्राध्यक्ष संक्रमण कायद्यानुसार सरकारी मदत मिळू शकते. सरकारी मदत स्वीकारणाऱ्या पथकाला एका देणगीदाराकडून ५,००० डॉलरपेक्षा जास्त घेता येत नाही आणि देणगीदारांची नावे जाहीर करावी लागतात. २०२४ मध्ये ट्रम्प पथकाने त्या मदतीच्या करारावर सही केली नाही, त्यामुळे दोन्ही अटी त्याला लागू झाल्या नाहीत.